पाच नंबरच्या डब्यातल्या गोवऱ्या

१

पाच नंबरचा डबा मेहबूबनं उघडला आणि आत सिनेमाऐवजी गोवऱ्या निघाल्या. एकावर एक, दोन. माप घेऊन थापल्यासारख्या डब्यात चपखल बसलेल्या.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. उंद्रीत अब्दुल गनीच्या टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता आणि तो दुसरा दिवस होता, गुरुवार. यंत्र एकच. एक रीळ संपलं की बत्ती लागायची, गनीचा भाचा मेहबूब पुढचं रीळ चढवायचा, तेवढ्यात लोक बिडी ओढून घ्यायचे. त्या दिवशी चौथं रीळ संपलं, बिड्याही संपल्या, तरी पाचवं लागेना.

"काऊन बे मेहबूब, झोपला काय?" कुणी ओरडलं.

"फुटाण्याले आण! फुटाण्या पाह्यजे!" म्हणून तंबू गर्जू लागला.

हा फुटाण्या म्हणजे सिनेमातलं सात वर्षांचं पोरगं. सिनेमा जुना, पंधरा वर्षांपूर्वीचा, 'नवरदेवाचा नन्नाचा पाढा' नावाचा, हसून हसून मुरकुंडी वळवणारा. त्यातलं पाचवं रीळ म्हणजे तर कळस. लग्नाच्या पंगतीतून फुटाण्या सात लाडू चोरतो आणि सदऱ्यात लपवतो. जाडा शेठ त्याला धरतो आणि विचारतो, लाडू घेतले का? फुटाण्या म्हणतो, नाही. शेठ थापड मारतो, सदऱ्यातून एक लाडू टपकतो. पुन्हा नाही, पुन्हा थापड, पुन्हा लाडू. असे सात. दर थापडेला पोरगं एका हातानं कानाची पाळी घट्ट धरतं आणि असं काही तोंड करतं, की विचारू नका.

बुधवारी पहिल्या खेळाला हा प्रसंग आला, तेव्हा मागं खुर्च्यांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं मोजलं, "एक!" आणि मग काय, दुसऱ्या थापडेपासून अख्खा तंबू मोजायला लागला. दोन! तीन! पडद्याच्या अलीकडं पुरुष आणि पलीकडं बायका, अशी गनीच्या तंबूत बसायची रीत. बायकांना पडद्यावरची अक्षरं उलटी दिसत, पण वाचायचं होतं कुणाला? त्याही तिकडून खिदळत होत्या. पाचव्या लाडवाला चौथीच्या वर्गातलं एक कार्टं ताडकन उठलं आणि किंचाळलं, "अरे, हे तं आपले मास्तर!"

खरंच की! सुपासारखे कान आणि ती पाळी धरायची सवय. कडूबा मास्तर, दोन वर्षांपूर्वी लोणारजवळच्या सुलतानपुराकडून बदलून आलेला, बावीस वर्षांचा, गरीब स्वभावाचा. इन्स्पेक्टर शाळेत आला की हाही असाच कान धरून उभा राहायचा. गुरुवारी सकाळी तो शाळेच्या वाटेला लागला तेव्हा गल्लीगल्लीतून "एक! दोन! तीन!" सुरू झालं होतं.

आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला ते पाचवं रीळच गायब.

खुर्च्या सहाच होत्या. त्यातल्या एका खुर्चीवरून निवृत्ती जमादार उठला. पेन्शनीत निघून दोन वर्षं झालेली. खाकी अंगावरून उतरली होती, मिशीवरून नाही. नोकरीत त्यानं पावलांच्या ठशांवरून बैलचोर पकडले होते आणि ही गोष्ट गावात प्रत्येकानं किमान चार वेळा ऐकली होती. त्यानं एक गोवरी उचलून बत्तीपाशी धरली.

"गनीभाई," तो म्हणाला, "चोरानं सही करून ठेवली हाय."

गोवरीवर थापणाऱ्या हाताची बोटं स्पष्ट उमटलेली होती. आणि करंगळीच्या जागी फक्त अर्धं बोट होतं.

२

अब्दुल गनी शुक्रवारी दिवस उगवायलाच जमादाराच्या ओट्यावर येऊन बसला. साठीचा माणूस, रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता.

"जमादारसाब, उद्या सकाळच्या मोटारीनं सिनेमाची पेटी खामगावले परत जाते. एक रीळ कमी निघालं तं पुढं मले कोणी सिनेमा देणार नाई. आज रात्रीपर्यंत सापडलं नाई तं मले चिखलीले रपट करा लागते. मंग पोलीस येतील, मास्तरचंच नाव निघंल. सगळे थेच म्हणून राह्यले."

"तुमाले काय वाटते?"

गनीनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मास्तर आला होता काल सकाळी नऊ वाजता. हात जोडून म्हणे, चाचा, हा सिनेमा बदला. म्या म्हणलं, दुसरा कुठून आणू? गेला मान खाली घालून. लई वाईट वाटलं मले."

मग मेहबूबला बोलावलं. मेहबूबचा एक धंदा साऱ्या पोरांना ठाऊक होता. रीळ तुटलं की जोडताना तो दोनचार चित्रं जादा कापायचा आणि पोरांना विकायचा. पोरं ती उन्हात धरून बघायची. निवृत्तीनं त्यावरून त्याला चांगला हिसका दिला.

"तुकडे विकतो, कबूल," मेहबूब रडकुंडीला आला. "पण पुरं रीळ? माह्या पोटावर मीच लाथ मारीन काय? काल बाराच्या सुमारास सगळी रिळं उलटी गुंडाळून डब्यात ठेवली. पाचवंही ठेवलं, ह्या हातानं."

"मंग बारा ते सात, कोण कोण आलं तंबूत?"

"रामरावपाटील आले, फुकट पास मागाले. पोरं आली, थे हाकलली. अन् जनकाबाई आली भाकरी घेऊन. पह्यल्या दिवशी भाकरी तंबूशेजारच्या चांगुणाबाईनं देल्ल्या होत्या. काल ह्या बाई आपल्या मनानंच आल्या, गोवऱ्याही आणल्या चुलीले. मी हात धुवाले गेलो, थवर थांबल्या बिचाऱ्या."

जनकाबाई म्हणजे कडूबा मास्तरची आई. निवृत्तीनं मान डोलावली आणि पुढं विचारलं, "रामराव किती वेळ होते?" कारण त्याचं मन रामरावापाशी अडकलं होतं.

अडकायला कारणही होतं. रामरावाची मुलगी पुष्पा कडूबा मास्तरला द्यायची ठरली होती आणि रविवारी साखरपुडा होता. रामरावाला गाठलं तर तो ओसरीवर धुसफुसत होता.

"गाव मले इचारून राह्यलं, फुटाण्याले पोरगी देता काय म्हणून! पाव्हणे येतील रविवारी, त्यायनंही पाह्यला असंल थो सिनेमा. पण रीळ चोराले मी काय येडा हाय? चोरून हसू थांबते काय? उलट चोर म्हणून नाव निघालं त् पोरगी द्याचीच नाई मले. फुटाण्या चालंल एक वेळ. चोर नाई चालणार."

म्हणजे मास्तरचं सगळं त्या एका डब्यावर येऊन ठेपलं होतं. नोकरी, लग्न आणि गावातलं नाव. निवृत्तीला हे कळत होतं. कळूनही, खोटं कशाला सांगा, त्याला जरा मजाच वाटत होती. दोन वर्षांनी हातात तपास आला होता.

३

गोवरी पंचात गुंडाळून जमादार गावभर फिरला. ज्याच्या त्याच्या परसात जाऊन गोवऱ्यांची रास बघायची, उमटलेल्या बोटांशी ताडून पाहायची. बायका पदराआडून हसत होत्या. एक म्हणाली, "जमादार, शेण पाह्यजे तं तसं सांगा ना!" त्यानं लक्ष दिलं नाही. गोवरी वाळली तरी बोटं हलत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अकराव्या घरी बोटं जुळली. पांढऱ्या मातीचं दोन खणांचं घर, दारात तुळस, मागं गोवऱ्यांची नेटकी रास. प्रत्येक गोवरीवर चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी. ज्वारी सोंगताना इळ्यानं कापलेली जनकाबाईची करंगळी.

जनकाबाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. पन्नाशीची, काटक, कपाळ कोरं. मास्तर शाळेला निघायच्या तयारीत होता.

"बाई, सिनेमा पाह्यला काय लेकाचा?" निवृत्तीनं सहज विचारल्यासारखं केलं.

"मी? मी काई सिनेमा पाह्यत नाई, जमादार. मले आवडत नाई."

"लेक नट होता अन् सिनेमा आवडत नाई?"

सूप थांबलं. "नट कायचा? दोन वर्षं गेलं होतं लेकरू. माहा भाऊ कोल्हापूरले फिलम कंपनीत आचारी होता. हे गेले अन् घरात कोणी बाप्या नाई राह्यला. भाऊ म्हणे, पोरगं दे, शिकंल, नाव काढंल. तीन सिनेमे केले. मंग वीतभर उंच झाला अन् कंपनीनं घरी धाडलं. म्हणे, आता याच्यावर कोणी हसत नाई." आणि ती एकदम चिडून म्हणाली, "थ्या जाड्यानं हात तरी कसा उचलला असंल? डाव्या हातानं फाडफाड मारते मेला लेकराले, अन् लोक मोजते!"

"माय," कडूबा दारातून हळूच म्हणाला.

तिनं सूप पुन्हा उचललं. निवृत्तीनं पंचा सोडला आणि गोवरी मास्तरपुढं धरली. मास्तरनं गोवरीकडं पाहिलं. मग मागच्या राशीकडं पाहिलं. मग आईकडं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला आणि हात आपसूक कानाकडं गेला.

जमादाराला आणखी काय पाहिजे? चोराचा चेहरा तो पस्तीस वर्षं ओळखत आला होता.

"चला मास्तर," तो म्हणाला. "तंबूपाशी चला. तिथंच सांगा काय थे."

४

तंबूपुढं माणसं जमली. शाळेची वेळ, तेव्हा पोरंही दप्तरं घेऊन उभी. गनी, मेहबूब, रामराव, सगळे आले. निवृत्तीनं सगळ्यांदेखत आपला हिशेब मांडला. मास्तरला सिनेमाची लाज वाटत होती. मास्तर सकाळी सिनेमा बदलायला सांगून गेला होता. डब्यातली गोवरी मास्तरच्या परसातली. दुपारच्या सुट्टीत शाळेतून तंबूत यायला किती वेळ लागतो?

"बोला मास्तर. रीळ घेतलं का?"

कडूबा पोरांच्या दप्तरांकडं बघत राहिला.

"इचारून राह्यलो मी. घेतलं का नाई?"

"मले ठाऊक नाई," कडूबा म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागच्यांना ऐकूही गेला नाही.

आता इथं जमादारानं काय करायला पाहिजे होतं, ते सगळ्यांना कळतं. पण समोर गाव जमलेलं, हातात गोवरी, अंगात जुनी नोकरी संचारलेली. त्याचा उजवा हात उठला आणि मास्तरच्या गालावर खाडकन बसला.

मास्तरनं कानाची पाळी घट्ट धरली. आणि त्याचं तोंड तसंच झालं, हुबेहूब पडद्यावरच्यासारखं.

"एक!" गर्दीतून कुणी ओरडलं.

आणि गाव हसलं. पोरं हसली, बाप्ये हसले, रामरावानंसुद्धा मिशीवर हात नेला. मास्तर सगळ्यांच्या मधून, चौथीच्या वर्गाच्या मधून, खाली मान घालून शाळेकडं चालू लागला. जाताना कान सोडायचं त्याला भान नव्हतं.

निवृत्ती हसला नाही. हात खाली आणताना त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या हातून काहीतरी भलतंच झालं. तपास पुरा झाला होता आणि रीळ मिळालं नव्हतं, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं. तेवढ्यावर भागत नव्हतं.

५

घरी विमलबाईनं ताट वाढलं नाही. पाणीही दिलं नाही. चुलीपुढं पाठ करून बसली.

"गावानं सांगितलं मले," ती म्हणाली. "वा रे जमादार! मास्तरले मारलं! ज्याच्यापाशी आपला नातू बाराखडी शिकते त्याले!"

"अवं, त्यानं चोरी केली."

"थे कोणी सांगितलं?"

"गोवरीनं."

"गोवरीनं!" ती गर्रकन वळली. "अवो, बाप्या माणूस कधी गोवरीले हात लावते काय? घरात पावसात गोवऱ्या भिजल्या तरी तुम्ही मले हाक मारता. बाप्यानं डब्यात दगड ठेवला असता, वजनाले. डबा केवढा अन् गोवरी केवढी, हे बाईच्या हाताले समजते, मास्तरच्या नाई."

ही गोष्ट पस्तीस वर्षांच्या नोकरीत निवृत्तीला कुणी शिकवली नव्हती.

"अन् थो शेठ मेला बरा तुमच्यापरीस," विमलबाईचा राग अजून संपला नव्हता. "त्यानं निदान डाव्या हातानं मारलं. तुम्ही उजव्या हातानं मारलं, सगळी ताकद लावून."

"शेठ उजव्या हातानंच मारते."

"डाव्या! म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"अवं, उजव्या! मी समोर बसलो होतो ना."

"अन् मी काय झोपली होती? डाव्या हातानं मारते, अन् पोरगं उजवा कान धरते!"

निवृत्ती तिच्याकडं बघत राहिला. समोर बसलो होतो. आपण समोर. आणि ही पडद्याच्या मागून. मागून अक्षरं उलटी दिसतात, तसा हातही उलटा दिसणार. उजव्याचा डावा होणार. म्हणजे शेठ डावखुरा दिसतो तो फक्त बायकांना, तोही फक्त पडद्यामागं बसून सिनेमा बघणाऱ्या बायकांना.

*डाव्या हातानं फाडफाड मारते मेला लेकराले.*

मी सिनेमा पाह्यत नाई, म्हणाली होती. ऐकीव असेल का? पण जनकाबाई कुणाच्या ओट्यावर बसून गप्पा मारणारी नव्हे. लेकानं सांगितलं असेल का? तर त्यानं उजवा सांगितला असता. ज्याच्या गालावर बसली, त्याला हात ठाऊक असतो. आणि आज त्याच गालावर आपला हात बसला होता.

मास्तर गोवरी बघून का उतरला, हे निवृत्तीला आत्ता कळलं. त्यानं आईचा हात ओळखला होता. आणि म्हणून तो गप्प राहिला, थापड खाल्ली, शाळेत गेला. चोराचा चेहरा म्हणे ओळखतो आपण! निवृत्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न जेवताच तो उठला.

६

जनकाबाई दारातच होती. तिला सगळं कळलेलं होतं; उंद्रीत थापड लपत नाही.

"बाई," निवृत्ती उभ्याउभ्याच म्हणाला, "शेठ डाव्या हातानं नाई मारत. उजव्या हातानं मारते. डावा हात पडद्यामागूनच दिसते."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. नाही म्हणाली नाही. आत गेली आणि कणगीत कोपरापर्यंत हात घालून ज्वारीतून एक गोल गाठोडं काढलं. भाकरीच्या फडक्यात बांधलेलं रीळ. भाकरीएवढंच गोल. त्याच फडक्यात भाकरी तंबूत आल्या होत्या आणि त्याच फडक्यातून रीळ बाहेर गेलं होतं. खाली टोपलीत मेहबूबच्या चुलीला म्हणून नेलेल्या गोवऱ्या होत्या, त्यातल्या दोन डब्यात गेल्या. हे सारं मेहबूबनं सकाळी सरळ सांगितलं होतं आणि जमादारानं मान डोलावून सोडून दिलं होतं.

"बुधवारी गेली होती मी," जनकाबाई म्हणाली. "कडूबाले न सांगता. सगळ्यात मांगं, अंधारात बसली. पंधरा वर्षं झाली, पण आमच्याकडं कधी आलाच नाई थो सिनेमा. म्हणलं, लेकरू पाहू तरी." ती जमिनीवर बसली. "जमादार, थे लेकरू नाटक नाई करत. थे खरं रडून राह्यलं. कडूबाले खरंच दुखलं ना, का तो कान धरते. तापात धरे, इंचू चावला तवा धरला. साती वेळा धरला त्यानं. मले समजलं, पह्यल्या थापडीलेच समजलं. अन् इकून तिकून सगळे मोजून राह्यले, हसून राह्यले."

निवृत्ती तिच्यासमोर खाली बसला.

"पण थे नाई मोठं," ती म्हणाली आणि इथं तिचा आवाज फुटला. "पह्यला सिनेमा करून घरी आला होता ना थो, तवाच सांगत होता मले. माय, खरंच मारते वं. गाल सुजते. मी काय म्हणली? सिनेमात सगळं खोटं असते रे, खोटारडा हाय तू, मामाकडं जाचं नाई म्हणून सोंग करतो. म्या त्याले खोटारडा म्हणलं, अन् परत धाडलं. दोनदा धाडलं! मी! त्याची माय! मंग त्यानं सांगणंच सोडून देल्लं."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. निवृत्तीनं फडक्याची गाठ सोडून रीळ पाहिलं, कुठं जळलेलं नव्हतं.

"मंग जाळून काऊन नाई टाकलं?" निवृत्तीनं विचारलं.

"नेलं होतं चुलीपाशी. अंगणात उजेडात धरून पाह्यलं, तं इत्तुसा इत्तुसा कडूबा. एकाखाली एक, किती तं कडूबा! त्या वयाचा एक फोटो नाई माह्यापाशी. कसा जाळू, सांगा?" तिनं रीळ त्याच्यापुढं सरकवलं. "न्या. अन् मले चिखलीले पाठवा. पण लेकाच्या नावावर काई ठेवू नका. आज तुम्ही मारलं त्याले, थेही माह्याच पायी."

"नाई बाई," निवृत्ती म्हणाला. "थे माह्या पायी."

मग त्याच्या तोंडून एक प्रश्न निघून गेला, जो विचारायची त्याची छाती नव्हती. "बुधवारी पह्यलं 'एक' कोणं म्हणलं, थे ऐकलं तुम्ही?"

जनकाबाईनं डोळे पुसले. "राहू द्या जमादार," ती म्हणाली आणि पुन्हा सूप जवळ ओढलं.

७

शुक्रवारचा शेवटचा खेळ. आसपासच्या गावांहूनही गाड्या आल्या होत्या. खेळ सुरू व्हायच्या आधी निवृत्तीनं गनीच्या हातातून भोंग्याचा माईक घेतला.

"मी निवृत्ती जमादार बोलतो. रीळ सापडलं. कुठून सापडलं, थे गनीभाईले सांगितलं, बाकीच्यायनं इचारायचं नाई. मास्तरनं घेतलं नव्हतं. मास्तरले ठाऊकही नव्हतं. म्या त्यायले तुमच्यासमोर मारलं, थे चुकलं. अशी चूक नोकरीतही केली असंल म्या, आता भेव वाटते. मास्तर, पोरांसमोर मारलं, पोरांसमोरच माफी मागतो."

मग रामराव आपल्या खुर्चीवरून उठला आणि घसा खाकरून म्हणाला, "साखरपुडा रविवारीच हाय. सगळ्यायनं या." एवढंच बोलून तो बसला.

मेहबूब कात्री घेऊन मास्तरपाशी आला होता. "मास्तर, म्हणाल तं लाडवाचा तुकडा कापून टाकतो. कोणाले समजणार नाई."

कडूबानं कात्री बाजूला सारली. "नको," तो म्हणाला. "माय पाहून राह्यली आज. तिले म्या एकदा सांगितलं होतं. आज तिच्या बाजूले बसून दाखवतो." आणि तो पडद्याच्या पलीकडं, बायकांच्या बाजूला निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

पाचवं रीळ लागलं. फुटाण्यानं सदऱ्यात लाडू भरले. शेठ आला. लाडू घेतले का? नाही. हात उठला, थापड बसली, लाडू टपकला. उंद्रीचं एकही माणूस हसलं नाही. पण परगावच्या गाडीतून आलेल्या कुणाला काय ठाऊक? तो आपला खो खो हसला आणि ओरडला, "एक!"

आणि सगळ्या तंबूनं वळून पाहिलं. ओरडणाऱ्याकडं नाही. निवृत्तीच्या खुर्चीकडं.

बुधवारी तो पहिला 'एक' कुणीतरी म्हटला, असं आम्ही वर सांगितलं. निवृत्तीही तीन दिवस स्वतःला तसंच सांगत होता, कुणीतरी म्हणालं. एवढा मोठा तपास केला, पण तेवढा एक तपास त्यानं केला नाही. त्याला वाटलं होतं, अंधारात आपला आवाज कुणाला कळणार? गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि पडद्यामागं बसलेल्या त्या बाईलाही.

पडद्यावर दुसरी थापड बसली. निवृत्ती खुर्चीवरून उठला. खुर्च्या यंत्रालगत, त्यामुळं तो थेट उजेडात आला आणि त्याची भली मोठी सावली पडद्यावर पडली, अलीकडून दिसेल तशीच पलीकडूनही. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि तसाच उभा राहिला.

एरवी उजेडात कुणी उभं राहिलं, की तंबू ओरडतो, खाली बस बे. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. तिसरी थापड झाली, चौथी झाली, लाडू सावलीतच पडले.

मग पडद्यापलीकडून जनकाबाईचा आवाज आला.

"बसा आता जमादार. लेकरू दिसत नाई मले."